दोन मुठींचा ध्रुव

सर्व्हेअण्णांसमोर ‘उत्तरेला’ हा शब्द सहज उच्चारायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, “आमचं शेत ओढ्याच्या उत्तरेला,” की अण्णा मान तिरकी करून विचारत, “कुणाच्या उत्तरेला?” समोरचा गोंधळे. मग अण्णा त्याला समजावून सांगत की एक उत्तर दिशा लोकांच्या तोंडची असते, एक होकायंत्राच्या सुईची असते आणि एक खरी असते. लोकांच्या तोंडची बहुधा तलाठ्याच्या सोयीची असते, आणि सुईला जवळपास लोखंडाचा खिळा दिसला तरी ती त्याच्याकडे वळते. “राहिली तिसरी. ती बघायला रात्री बाहेर यावं लागतं,” असं म्हणून ते पानाचा डबा उघडत. ऐकणारा तोवर घरी जायला निघालेला असे.

त्यांचं खरं नाव आमच्या गल्लीत फार थोड्यांना माहीत होतं. म्हैसूरच्या नजरबादेतल्या मोजणीच्या कचेरीत ते नोकरीला होते, म्हणून सर्व्हेअण्णा. वर्षातले चार-पाच महिने ते पिरियापट्टणच्या बाजूला रानाच्या हद्दी आखत हिंडायचे. दिवसा साखळी आणि झेंड्या घेऊन मोजणी, आणि अंधार पडला की दुर्बीण तिकाटण्यावर चढवून ध्रुवावर धरायची. तो सापडला की कागदावरची उत्तर पक्की. परत आले की अंगाला तंबाखूच्या शेतांचा वास असे आणि बोलण्यात दोन-चार नव्या माणसांचा खोटेपणा उघडा पाडल्याची हकीकत. एका जमीनदाराच्या हद्दीचा दगड चाळीस पावलं सरकवलेला निघाला, ही हकीकत ते इतक्या आनंदानं सांगत की त्या जमीनदारानं तो दगड त्यांच्या करमणुकीसाठीच सरकवला असावा असं वाटे.

आमची गल्ली जुन्या शिलेदारांची. पणजोबा घोड्यावर बसून म्हैसुरास आले, आजोबा घोड्याशेजारून चालले, आणि वडिलांच्या पिढीनं घोडा पाहिला तो दसऱ्याच्या मिरवणुकीत, गर्दीत टाचा उंचावून. पण प्रत्येक घरात भिंतीवर एक तलवार होती. वर्षातून एकदा ती घासली जाई आणि बाकीचे दिवस तिचा मालक कुठल्यातरी कचेरीत नकला उतरवत बसे. घरात आम्ही मराठी बोलत असू; फक्त रागावायचं झालं, भाव करायचा झाला किंवा खरोखर काही सांगायचं झालं की कन्नडात शिरत असू.

या घरांत लग्नाच्या दिवशी ध्रुव दाखवायची एक खास रीत होती. अंधार पडल्यावर नवरानवरीला बाहेर आणायचं. नवरीच्या मामानं उत्तरेकडे तोंड करून हात ताठ धरायचे, आभाळ जमिनीला टेकतं तिथं एक मूठ ठेवायची, तिच्यावर दुसरी मूठ ठेवायची, आणि वरच्या मुठीच्या अंगठ्यापाशी जो तारा दिसेल तो ध्रुव. भटजी विचारणार, “दिसला का ध्रुव?” नवरी म्हणणार, “दिसला.” मग अक्षता, वाजंत्री, जेवण. ही दोन मुठींची रीत पणजोबांनी सोबत आणली होती आणि तिच्यात आजवर कुणी बोटाचाही फरक केला नव्हता.

अण्णांचं सारं भांडण या दोन मुठींशी होतं. “आपले पणजोबा साताऱ्याकडून आले,” ते सांगत. “घोडा आणला, तलवार आणली, घरची भवानी आणली. ध्रुव तेवढा तिथल्याच उंचीवर विसरून आले. अरे, माणूस दक्षिणेला उतरला की ध्रुव खाली उतरतो. तिथं तो जवळजवळ दोन मुठी होता. इथं एक मूठ आणि वर एक बोट. गेली शंभर वर्षं तुम्ही पोरींना भलताच तारा दाखवून नांदायला पाठवताय!”

गल्लीतली माणसं यावर हसत. काही म्हणत, “होगली बिडी अण्णा, जाऊ द्या. तारा कुठला का असेना, संसार चालल्याशी कारण.” अण्णांना हे वाक्य सर्वांत जास्त लागे.

मला आणि तुळसाला आभाळ त्यांनी शिकवलं. तुळसा त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून वर्षानं मोठी. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. घर अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, आत्याबाईंनी सांभाळलं. गल्लीच्या टोकाला मोकळं पटांगण होतं आणि त्यापलीकडे शेतं, त्यामुळे उत्तरेची बाजू थेट खालपर्यंत उघडी. दिवे लागल्यावर अण्णा आम्हा दोघींना तिथं न्यायचे. शेजारच्या बायकांना हे पसंत नव्हतं. “पोरींना आभाळ कशाला? चुलीवर छप्पर असतं,” असं एक काकू माझ्या आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या. आईनं मला पाठवणं थांबवलं नाही. त्या काकूंशी तिचं आधीपासूनच बरं नव्हतं.

“सप्तर्षी शोध,” अण्णा म्हणायचे. “खाटेचे चार पाय आणि तीन ताऱ्यांची शेपटी. पुढचे दोन पाय आहेत ना, तो पुलह आणि तो क्रतु. पुलहापासून क्रतूपर्यंत मनात रेघ ओढ, आणि तेवढ्याच पाच रेघा पुढे चाल. मधे कुणाशी बोलायला थांबू नकोस. एक मंदसा तारा भेटेल, एकटा. तोच. त्याच्या आजूबाजूला मानकरी नाहीत, चवऱ्या ढाळणारे नाहीत, म्हणून लोकांना तो ध्रुव वाटत नाही. लोकांना मोठा, झगमगणारा पाहिजे असतो.” थंडीत सप्तर्षी नसत तेव्हा शर्मिष्ठेवरून ध्रुव काढायचा. सप्तर्षींच्या शेपटीतला वसिष्ठ आणि त्याला चिकटलेली अरुंधती दिसली की डोळे चांगले. मला ती कधी दिसे, कधी दिसली असं मी म्हणे. तुळसा मात्र दिसल्याशिवाय दिसलं म्हणत नसे. एकदा ढगांची विरळ चादर होती. मी पटकन म्हणाले, “दिसला!” तुळसा अर्धा तास मान वर करून उभी राहिली, आणि शेवटी म्हणाली, “नाही दिसत. उद्या बघू.” अण्णा मला काही बोलले नाहीत. घरी गेल्यावर आत्याबाईंना मात्र सांगत होते, “ही पोरगी आमच्या खात्यात घेण्यासारखी आहे. जे दिसत नाही ते लिहायची नाही.”

“खात्यात पोरी घेत नाहीत,” आत्याबाई म्हणाल्या. “सासरी घेतात. तिथं कुणी दिलं तर.”

तिथं द्यायचं कठीण झालं होतं ते अण्णांच्या तोंडामुळे. पहिलं स्थळ आलं ते एका सुभेदाराच्या घरचं. त्यांच्याच घरी बोलणी संपत आली होती, पानसुपारी फिरत होती. मुलाचा काका कौतुकानं म्हणाला, “आमच्या घराचं दार बरोब्बर उत्तरेला. वाडवडिलांनी शास्त्र बघून बांधलंय.” अण्णांनी दाराकडे पाहिलं, सावलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “हत्तरहत्तर, म्हणजे जवळजवळ, अकरा अंश पश्चिमेला कललंय.” अकरा अंश म्हणजे किती, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, पण आपल्या वाडवडिलांना कुणीतरी वाकडं म्हटलं एवढं सर्वांना कळलं. दुसरं स्थळ ठरण्याआधीच गेलं, कारण त्या घरच्या थोरल्या मुलीच्या लग्नात अण्णांनी भर मांडवात भटजींचा हात धरून खाली ओढला होता आणि “इथं! इथं बघा!” असं ओरडले होते. भटजींच्या हातात अक्षता होत्या, त्या नवऱ्या मुलाच्या तोंडावर गेल्या.

तुळसाला सोळा पुरी झाली. त्या काळात सोळा म्हणजे फार. लोक अण्णांना काही बोलत नसत, आत्याबाईंना बोलत. त्यांना छातीत दुखण्याची व्यथा होती, आणि रोज रात्री झोपायच्या आधी त्या अण्णांना एकच प्रश्न विचारत: मी उद्या उठले नाही तर या पोरीचं काय? अण्णांचं बाहेरगावचं काम पाच महिन्यांचं. मोठी मुलगी घरात एकटी ठेवून कुणी रानात जात नाही.

अशा वेळी सरदारांचं स्थळ आलं. सरदार म्हणजे राजवाड्याच्या छत्र्यांच्या कोठीवरचे अंमलदार. मिरवणुकीत कुणाच्या डोक्यावर कुठली छत्री धरायची हे ते ठरवत. पावसाचा त्या छत्र्यांशी संबंध नसे. त्यांच्या घरी चोपदार होता. पाहुणा आला की तो पाहुण्याचं नाव पुकारायचा, आणि पाहुणा सामान्य असला तर त्याच्यासाठी एखादी पदवी जागच्या जागी बनवायचा. माझ्या वडिलांना त्यानं ‘कागदपत्रांचे मानकरी’ म्हणून आत सोडलं होतं. मुलाची पत्रिका अवघड होती आणि तुळसा देखणी होती, एवढ्यावर जुळलं. मुलगा वाईट नव्हता. तो वडिलांच्या मागे उभा राहायचा आणि वडील हसले की हसायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी अण्णांना स्वयंपाकघरात बोलावलं. मी तिथं तांदूळ निवडत बसले होते.

“उद्या बाय मुच्चू,” त्या म्हणाल्या. “तोंडाला कुलूप. दिशा, अंश, मूठ, काही नाही. हे तिसरं आहे. चौथं येणार नाही.”

“मी काय बोलणार आहे?” अण्णा म्हणाले.

“तेच म्हणते. काय बोलणार आहेस?”

अण्णांनी पानाचा डबा उघडला. तुळसाला या लग्नाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी रात्री विचारलं तर ती म्हणाली, “त्यांच्याकडं गच्ची आहे म्हणे. उत्तरेला झाडं नाहीत.” सासरबद्दल तिला एवढीच माहिती होती आणि एवढीच पुरे वाटत होती.

लग्न मुलीच्या घरी व्हायचं, पण आपले पाहुणे आमच्या गल्लीत मावणार नाहीत असं सरदारांनी कळवलं, म्हणून ते त्यांच्या घरी झालं. वैशाख होता. अंधार पडल्यावर सगळे गच्चीवर गेले. तिथं गालिचे होते, रुप्याच्या दांड्यांच्या छत्र्या होत्या, आणि उत्तरेच्या कठड्यावर खास उभारलेली एक कमान होती. शहरात विजेचे दिवे नुकतेच आले होते. सरदारांनी कुणाकुणाच्या परवानग्या काढून त्या कमानीवर दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. आम्ही सगळे डोळे दिपून उभे राहिलो. मी सवयीनं वर पाहिलं. सप्तर्षी उंचावर होते, पुलह आणि क्रतु स्पष्ट, त्यांची रेघ सरळ खाली उतरत होती आणि त्या कमानीत, दिव्यांच्या मागे, नाहीशी होत होती.

चोपदार पुढे आला आणि काठी आपटून ओरडला, “ध्रुव महाराजांच्या दर्शनाची वेळ! सावधान!” हे त्याला कुणी सांगितलं होतं की त्यालाच सुचलं, कोण जाणे. मला हसू आलं. तुळसाकडे पाहिलं, तर ती वर बघत रेघ मोजत होती.

तुळसाला मामा नव्हता. आईबरोबरच तेही घर संपलं होतं. भटजी म्हणाले, “मामा नसला तर बापानं मुठी धराव्यात.” हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आत्याबाईंनी पदर तोंडाशी धरला. अण्णा पुढे झाले. त्यांनी हात ताठ केला आणि कमानीच्या पायाशी एक मूठ धरली. तिच्यावर एक बोट. आणि थांबले.

“दुसरी मूठ,” भटजी म्हणाले.

अण्णा तसेच उभे. भटजींना वाटलं रीत माहीत नसेल. त्यांनी स्वतःच रुप्याची काठी उचलून कमानीच्या वर, जरा उजवीकडे दिसणाऱ्या एका तांबूस ताऱ्याकडे दाखवली. ध्रुव ज्याच्या एका टोकाला असतो त्या ध्रुवमत्स्याच्या दुसऱ्या टोकाचा तारा तो. दिसायला ठसठशीत. “दिसला का ध्रुव?”

तुळसा काठीच्या टोकाकडे बघत राहिली.

“लाजते,” सरदारांच्या घरच्या बायका म्हणाल्या.

“दिसला का ध्रुव?”

“नाही,” तुळसा म्हणाली.

वाजंत्रीवाल्यांनी सनया तोंडाला लावल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. भटजी हसून म्हणाले, “अग बाई, समोर तर आहे. हा बघ.”

“तो ध्रुव नव्हे. ध्रुव कमानीच्या मागं आहे. ते मधले चार दिवे विझवले तर दिसेल.” तिचा आवाज चढलेला नव्हता. पटांगणात मला सांगायची तसंच ती सांगत होती.

दिवे विझवायचे म्हटल्यावर गच्चीवर जी कुजबूज सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही. जणू तिनं राजवाडा विझवायला सांगितला होता. सरदारांचा चेहरा काळवंडला. पण ते मुरलेले दरबारी होते. ते हसले आणि अण्णांकडे वळले.

“अण्णासाहेब, आमच्या भटजींना काय कळतंय? तुम्ही सरकारी मोजणीतले. तुमच्या दुर्बिणीवर सरकारचे नकाशे चालतात. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तो ध्रुव. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता दिवे विझवतो, मग दर्शन होईल.” जरा थांबून ते म्हणाले, “किंवा मग राहूच द्या. लग्न काय, उद्याही मोडता येतं.”

शेवटचं वाक्य त्यांनी थट्टेत म्हटलं. त्यांच्या घरचे हसले, मुलगाही हसला. आमच्याकडचं कुणी हसलं नाही.

तुळसानं अण्णांकडे पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं ते एवढंच, की आता सगळं ठीक होईल, कारण विचारलं आहे ते अण्णांना. अण्णांची एक मूठ अजून हवेत होती. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं. मग बोट मिटलं आणि मुठीवर दुसरी मूठ ठेवली.

“तोच,” ते म्हणाले. “भटजी म्हणतात तोच ध्रुव. दिसला म्हण, बाळ.”

तिनं त्या तांबूस ताऱ्याकडे पाहिलं, मग परत बापाकडे, आणि मान खाली घालून म्हणाली, “दिसला.” सनया एकदम वाजू लागल्या.

मी त्या वेळी पंधरा वर्षांची होते आणि मला अण्णांचा संताप आला. आज मला त्यांची बाजू त्यांच्याहून चांगली मांडता येईल. आत्याबाईंचं दुखणं खरं होतं. मोडलेल्या लग्नाची मुलगी कुणी घेतली नसती, हेही खरं. माणूस म्हणून त्या जागी दुसरं कुणीही हेच केलं असतं. पण ते दुसरं कुणी नव्हते. दुसऱ्या कुणाकडे तिनं तसं पाहिलंही नसतं.

सरदारांना मात्र त्या रात्री एक नवी कल्पना सुचली. महिन्याभरात त्यांच्या नात्यातलं एक लग्न होतं. त्यात ध्रुव दाखवायला त्यांनी आपल्या व्याह्यांना नेलं. “मोजणी खात्याचे आहेत,” ते सर्वांना सांगत. “सरकारी नजर.” अण्णांच्या डोक्यावर जरीचा फेटा आला. चोपदारानं त्यांना ‘आकाशमापनाचे अधिकारी’ केलं. पुढे ही फॅशनच झाली. ज्यांना एखादी मोठी व्यक्ती मांडवात हवी असे आणि मिळत नसे, ते अण्णांना बोलावत. अण्णा येत, पुढच्या गादीवर बसत, वेळ झाली की उठून दोन मुठी धरत, “दिसला?” म्हणत आणि खाली बसत. वाद नाही, अंश नाहीत. गल्लीतले लोक म्हणू लागले, “अण्णा आता माणसात आले.” आत्याबाईंची छातीही त्या वर्षी कमी दुखली.

माझं लग्न पुढच्या वर्षी झालं. वडिलांनी अण्णांना बोलावलं. मी नको म्हटलं ते कुणी ऐकलं नाही. त्या संध्याकाळी आभाळ ढगांनी गच्च भरलं होतं, चंद्रसुद्धा कुठं आहे ते कळत नव्हतं. भटजींनी ढगाकडे बोट केलं. अण्णांनी ढगावर दोन मुठी धरल्या. “दिसला?” त्यांनी मला विचारलं, आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, “दिसला.” मला ते नेहमीच सोपं जात आलं होतं.

तुळसाला मी तिच्या सासरी एकदा भेटले. दागिने अंगभर होते आणि ती बरी दिसत होती, त्या घरातल्या वस्तू सगळ्याच बऱ्या दिसत. चोपदारानं मला काय म्हणून पुकारलं ते आठवत नाही. मी हळूच विचारलं, “गच्चीवरून दिसतो का ग? खरा?”

“बायकांनी गच्चीवर जायचं नसतं,” ती म्हणाली. “कपडेसुद्धा गडी वाळत घालतो.” मग तिनं मला फराळाचं घ्यायचा आग्रह केला. तो आग्रह ती फार चांगला करत होती. तिनं मला याआधी कधी कशाचा आग्रह केला नव्हता.

माहेरी ती वर्षातून एकदा, संक्रांतीला येई. माझ्या लग्नानंतरच्या एका संक्रांतीची ही गोष्ट; आत्याबाई आदल्या पावसाळ्यात वारल्या होत्या. मीही तेव्हा माहेरी होते. दिवसभर आम्ही दोघी गल्लीतून एळ्ळुबेल्ला वाटत फिरलो, तिळगूळ आणि उसाचे तुकडे, घरोघरी तीच वाक्यं. संध्याकाळी जेवणं लवकर झाली. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. फेटा खुंटीवर होता. पेन्शन झाली होती, मोजणीचं सामान परत गेलं होतं, आणि ते एकदम बारीक दिसत होते. आम्ही दोघी पायरीवर बसलो. थंडी होती आणि आभाळ काजळी पुसलेल्या काचेसारखं स्वच्छ होतं.

मग अण्णांनी हात वर केला. दक्षिणेला. चामुंडीच्या डोंगराच्या अंगाला अगस्त्य उगवून थोडा वर आला होता, मोठा, पांढरा, लखलखीत. आमच्या गल्लीतल्या चार वर्षांच्या पोरालाही त्यांनी कधीतरी तो दाखवला असेल. त्याच्याकडे हात करून अण्णा म्हणाले,

“तुळसा, तो ध्रुव ना ग?”

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना भ्रम झाला नव्हता. ते आभाळाकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी तोवर फक्त भिकाऱ्यांच्या तोंडावर पाहिलं होतं. तिनं हसावं, चिडावं, ‘अण्णा, लाज वाटत नाही?’ म्हणावं, मांडवात भटजींचा हात त्यांनी ओढला होता तसा त्यांचा हात धरून उत्तरेकडे ओढावा, काहीही. एवढंच त्यांना हवं होतं.

तुळसानं अगस्त्याकडे पाहिलं. खांद्यावरून पदर नीट ओढून घेतला.

“हो अण्णा,” ती म्हणाली. “तोच.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाहुण्यांना फराळ वाढताना असतो तसा तिचा आवाज होता. अण्णांनी हात खाली घेतला नाही. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“सगू? तू सांग.”

मला सांगता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण तुळसा माझ्याशेजारी बसली होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता, आणि तो दगडासारखा घट्ट झालेला मला कळत होता. मी तिच्या बाजूची होते.

“तोच, अण्णा,” मी म्हटलं.

त्यांनी हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळानं उठले, म्हणाले, “थंडी वाजतेय,” आणि आत गेले. त्यानंतर ते कुठल्या लग्नाला गेले नाहीत. सरदारांनी बोलावणं पाठवलं तर डोळे गेले म्हणून कळवत. डोळे चांगले होते. चैत्रात, सप्तर्षी पुन्हा वर यायला लागले होते त्या दिवसांत, ते दोन दिवसांच्या तापानं गेले. तुळसाला सासरहून यायला परवानगी मिळेपर्यंत उशीर झाला.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. कधी भेटलो तर सुनांबद्दल बोलतो, गुडघ्यांबद्दल बोलतो. मी पुढे मुलींच्या शाळेत वीस वर्षं शिकवलं; भूगोलाच्या तासाला ध्रुव यायचा तेव्हा पुस्तकात आहे तेवढं वाचून पुढचं पान उलटत असे. म्हैसुरात खरं आभाळ त्या माणसानं दोनच माणसांना शिकवलं होतं. त्यांनी जेव्हा आम्हाला विचारलं, तेव्हा तो अगस्त्य आहे, एवढं आम्ही दोघींनीही त्यांना सांगितलं नाही.